इंग्लिश बिटर: कोमट, गॅस गेलेली, तरी सगळे खूश. माझं काय चुकतंय?

हिंजवडी_ते_लीड्स

नमस्कार मंडळी. धागा कुठल्या विभागात टाकायचा कळेना म्हणून इथे टाकतोय, चुकला असेल तर हलवा.

तर झालं असं की सप्टेंबरात कंपनीने मला हिंजवडीतून उचलून लीड्सला आणून ठेवलं. इथे दर गुरुवारी ऑफिस सुटलं की सगळी टीम पबात जाते. पहिल्या गुरुवारी मी आपली थंडगार लागर (आपल्याकडे मिळते ती नेहमीची गॅसवाली बिअर) घेतली, दुसऱ्या वेळी मॅनेजर (साठीला आलेला यॉर्कशरचा गृहस्थ, त्याचं अर्धं बोलणं मला कळत नाही) म्हणाला इथवर आलायस तर बिटर पी, ती इथली जुनी बिअर. म्हटलं चला. बारवरच्या बाईने नळबिळ काही सोडला नाही, गावाला हापसा असतो ना तसा एक दांडा दोन-तीनदा ओढला आणि ग्लासात कोऱ्या चहाच्या रंगाचं काहीतरी आलं. हात लावला तर ग्लास गार नाही, तोंडाला लावला तर गॅस नाही. रात्री उघडी राहिलेली बिअर सकाळी पाहुण्याला दिल्यासारखं वाटलं मला खरं सांगू का. आणि बाजूला हे सगळे डोळे मिटून आहाहा करतायत.

मी कसाबसा अर्धा संपवला. आता माझे प्रश्न असे की एक तर ही अशीच असते का मला खराब मिळाली, दुसरं म्हणजे नावच बिटर असून ती मला फार कडू लागलीच नाही, आयपीए (इंडिया पेल एल, तीही बिअरच) याच्या दुप्पट कडू असते, मग हे नाव कशाला. आणि मुख्य म्हणजे यात मजा नेमकी कुठे शोधायची ते कोणी नीट सांगेल का. अजून दीड वर्ष काढायचंय इथे, दर गुरुवारी लागर मागितली की ते लोक माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघतात.

---

पार्सल_द्या

दहा वर्षं लंडनमध्ये आहे, अजून लागरच पितो. काही अडलं नाही माझं. उगाच कौतुक आहे सगळं, कोमट ते कोमट.

---

कीथलीकाका

हिंजवडीकर, स्वागत. पार्सलरावांकडे लक्ष देऊ नका, त्यांचा हा प्रतिसाद मी प्रत्येक धाग्यावर वाचलाय.

मी लीड्सपासून अर्ध्या तासावर राहतो, गावाचं स्पेलिंग बघून सगळे कीघली म्हणतात पण म्हणायचं कीथली. याच गावात टिमोथी टेलरची ब्रुअरी आहे, १८५८ पासूनची, त्यामुळे माझं मत थोडं एकतर्फी असेल ते समजून घ्या.

आधी तुमच्या त्या कोमटाचं बघू. बिटर कोमट नसते हो, नसायला पाहिजे. ती ११ ते १३ डिग्रीला द्यायची असते, म्हणजे तळघराच्या तापमानाला. तुम्हाला सवय फ्रीजची आहे, ही माठातली आहे. माठातल्या पाण्याला कोणी कोमट म्हणतं का? त्याला चव असते, फ्रीजच्या पाण्याने नुसते दात शिवशिवतात. लागर तीन-चार डिग्रीला देतात ती ताजीतवानी लागावी म्हणून, पण त्या थंडीत वास मरतो, आणि बिटरची निम्मी मजा तिच्या वासात आहे. आता तुमचा ग्लास खरोखर कोमट म्हणजे खोलीइतका गरम असेल, तर मात्र ती पबची चूक, बिअरची नाही.

गॅसचं असं की तुमच्या लागरमध्ये कार्बन डायऑक्साइड बाहेरून दाबाने भरलेला असतो. कास्क बिटर (म्हणजे पिंपातली) ब्रुअरीतून निघते तेव्हा तिच्यात यीस्ट जिवंत असतं, ते पिंपात बसून शेवटची साखर खातं आणि तेवढाच काय तो गॅस तयार होतो, लागरच्या निम्म्याच्या आसपास. आंबवलेल्या पिठाला जशी बारीक जाळी पडते तसला गॅस आहे हा, सोड्याचा नाही. जिभेवर बारीक टोचणी जाणवली पाहिजे. टोचणी अजिबातच नसेल तर मात्र ती मेलेली, तिथे तुमचं बरोबर.

आता नाव. एकोणिसाव्या शतकात ब्रुअरीवाले हिला पेल एल म्हणायचे, पिणारे म्हणायला लागले बिटर. त्या काळी पबात दुसरी बिअर असायची माइल्ड, तिच्यात हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) कमी. तिच्या तुलनेत ही कडू म्हणून बिटर, एवढंच. आजच्या अमेरिकन पद्धतीच्या आयपीएशी तुलना केली तर ही गरीब गायच आहे. पण कडूपणाची जात बघा. आयपीए म्हणजे नुसतं कारलं खाल्ल्यासारखं, आधी जीभ धरते. बिटर म्हणजे भाकरीबरोबरची मेथीची भाजी. भाकरीची गोडी नसेल तर मेथी कडू लागते आणि मेथी नसेल तर भाकरी कोरडी, तसं माल्ट (मोड आणून भाजलेलं धान्य) आणि हॉप्सचं आहे इथे. बिटरमध्ये दोन्ही एका घासात हवेत.

प्यायचं कसं विचारलंत. ग्लास आला की लगेच तोंडाला लावू नका, उजेडाकडे धरा. पारदर्शक, तांबूस किंवा मधाच्या रंगाची दिसली पाहिजे (हल्ली काही मुद्दाम गढूळ देतात, ती वेगळी गोष्ट). मग नाक घाला ग्लासात, लाज वाटू देऊ नका. आधी खारी किंवा पार्ले-जीच्या पुड्याचा वास येतो, तो माल्टचा. त्यामागे वाळलेलं गवत, चहाची पत्ती, संत्र्याची साल, जराशी ओली माती, हे इंग्लिश हॉप्स. फगल आणि गोल्डिंग या जुन्या जाती आहेत, आंबा-पेरूसारख्या ओरडत नाहीत त्या, हळू बोलतात. मग घोट घ्या तो चांगला मोठा घ्या. वाइनसारखं चमचाभर तोंडात खुळखुळवून इथे काही कळत नाही, गिळल्यानंतर कडवटपणा घशाशी येतो आणि तोंड कोरडं पडतं, आणि कोरडं पडलं की हात आपोआप परत ग्लासाकडे जातो. बिटर बनवणाऱ्याची सगळी कला या हात परत जाण्यात आहे. पहिल्या घोटाला वा म्हणायला लावणारी बिअर बनवणं सोपं आहे, तिसऱ्या पाइंटलाही (पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरहून जरा मोठा ग्लास) कंटाळा येऊ न देणारी, आणि तीही अल्कोहोल चार टक्क्यांच्या आसपास ठेवून, ते अवघड.

सुरुवात टेलरच्याच लँडलॉर्ड नावाच्या बिटरने करा. ४.३ टक्के, कॅमराच्या (फोटोचा नव्हे, १९७१ साली चार इंग्लिश पोरांनी आयर्लंडच्या सहलीत काढलेली खऱ्या एलची, म्हणजे अशा पिंपातल्या बिअरची चळवळ) चँपियन बिअर ऑफ ब्रिटनमध्ये ती चार वेळा पहिली आलीय, १९८२, ८३, ९४ आणि ९९. आमच्या गावाला या.

---

तळघरातला_गडी

काकांनी पिणाऱ्याच्या बाजूने सांगितलं, मी खालच्या बाजूने सांगतो. डर्बीला शिकत असताना दोन वर्षं शनिवार-रविवार एका पबच्या तळघरात काम केलं, बर्टन या ब्रुअरींच्या गावाजवळ. नाव सांगत नाही कारण पुढची गोष्ट माझ्याच गाढवपणाची आहे.

लोकांना वाटतं बिअर ब्रुअरीत बनते. लागर बनते तिथे. बिटर मात्र ब्रुअरीतून अर्धी येते आणि उरलेली अर्धी पबात बनते, आणि बनवणारा असतो माझ्यासारखा कोणीतरी तासावर पैसे घेणारा. पिंप येतं त्याला फर्किन म्हणतात, ९ गॅलनचं, म्हणजे ७२ पाइंट, ४१ लिटर धरा. ते आडवं ठेवायचं घडवंचीवर, पाचर मारून पक्कं करायचं आणि मग हलवायचं नाही, पाळण्यातल्या पोरासारखं. वरच्या बुचाला भोक पाडून त्यात आधी मऊ लाकडाची खुंटी मारायची, तिच्यातून जास्तीचा गॅस फसफसत बाहेर येतो. मी उभा राहून बघायचो, खुंटीच्या डोक्यावर फेसाचा बुडबुडा येतो, पुसला की परत येतो, परत पुसा. ते बुडबुडे मंदावले की मऊ खुंटी काढून कडक लाकडाची मारायची, म्हणजे उरलेला गॅस आत राहील. मग एक-दोन दिवस गाळ खाली बसू द्यायचा, तोटी ठोकायची, चव बघायची, आणि मगच वर जोडायची. तिथे याला सॉफ्ट पेग आणि हार्ड पेग म्हणतात. पहिल्या दिवशी मालकीणबाईंनी हार्ड पेग आण म्हटल्यावर मी व्हिस्की घेऊन गेलो होतो.

तर माझा गाढवपणा. एका शुक्रवारी रात्री मऊ खुंटी काढून कडक मारायची विसरलो आणि झोपायला गेलो. शनिवारी मॅच होती, पब दुपारी बारालाच भरला. मालकीणबाईंनी अर्धा ग्लास ओढला, उजेडाकडे धरला, एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलल्या नाहीत. मला खाली नेलं, बादली हातात दिली आणि ते सगळं पिंप माझ्या हाताने मोरीत ओतायला लावलं, ७२ पाइंट, वर लोक गाणी म्हणतायत आणि मी खाली बादल्या ओततोय. ती बिअर आंबट नव्हती, कुजकी नव्हती, फक्त तिच्यातला जीव गेला होता. हिंजवडीकर जे वर्णन करतायत, रात्री उघडी राहिलेली, डिट्टो तीच. म्हणून मला वाटतं तुम्हाला त्या दिवशी खराबच मिळाली असणार.

अजून एक, तोटी उघडली की जितकी बिअर बाहेर तितकी हवा आत. त्या हवेने तीन दिवसांत बिअर म्हातारी होते. म्हणून पबात शिरल्यावर आधी मोजा. सात-आठ हापसे आणि गिऱ्हाईक चार असेल तर त्यातले पाच म्हातारे आहेत हे समजून चला. दोनच हापसे आणि बारला गर्दी असेल तर डोळे मिटून घ्या. आणि दुपारी पब उघडल्या-उघडल्या पहिला पाइंट आपण घ्यायचा नाही, रात्रभर पाइपमध्ये पडून राहिलेली तीच असते, चांगला पब ती आधी ओढून फेकतो पण सगळेच फेकत नाहीत.

बर्टनबद्दल थोडं सांगतो मग थांबतो. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम खूप. त्या पाण्याने हॉप्सचा कडूपणा कसा स्वच्छ, कोरडा, धारदार उतरतो, म्हणून एकेकाळी इंग्लंडभरचे ब्रुअर तिथे येऊन बसले, आणि आजही जगात कुठेही पेल एल करताना पाण्यात जिप्सम घालतात त्याला बर्टनायझेशन म्हणतात. तिथली मार्स्टनची पेडिग्री नावाची बिटर ताजी ओढली की पहिल्या क्षणी काडेपेटीची काडी ओढल्यासारखा गंधकाचा वास येतो, नवखा माणूस ग्लास परत करतो आणि जुना माणूस खूश होतो. दोन मिनिटांत वास उडतो. हीच पेल एल जहाजात घालून मुंबई-कलकत्त्याला पाठवायचे. गोष्ट अशी सांगतात की ऑलसॉपच्या ब्रुअरीत हिंदुस्थानला पाठवायच्या एलचा पहिला घाणा चहाच्या किटलीत काढला होता. खरंखोटं बर्टनवाल्यांना विचारा, पण तिथे कुणाला हे बोलून दाखवलंत तर पुढचा पाइंट फुकट मिळतो हा स्वानुभव.

---

हिंजवडी_ते_लीड्स

बापरे, एवढं सगळं असेल असं वाटलं नव्हतं. गडीभाऊ, तुमची बादलीची गोष्ट वाचून ऑफिसात एकटाच हसलो.

दोन शंका. खराब निघाली तर परत कशी करायची? आपल्याकडे हॉटेलात डाळ आंबट निघाली तरी आपण गप खातो, इथे परक्या देशात बारवर जाऊन भांडायचं म्हणजे... आणि लँडलॉर्ड शाकाहारी असते ना? म्हणजे बिअर आहे, असणारच, पण विचारून ठेवतो. मी अंडं खातो, मासे-मटण नाही.

---

वसईची_सुरमई

हाहाहा. आता कोणी सांगायचं यांना.

मीच सांगते. दादा, कास्क बिअर लवकर निवळावी म्हणून तिच्यात परंपरेने आयझिनग्लास घालतात. आयझिनग्लास म्हणजे माशाचं भोत. माशाच्या पोटात ती हवेची पिशवी असते ना, ती वाळवून, विरघळवून घालतात, ती यीस्टला धरून तळाशी बसते. आमच्याकडे घोळ मासा मिळाला की कोळीवाड्यात दिवाळी असते ती या भोतासाठीच, मासा इथे आणि भोत परदेशी. तुमच्या ग्लासात ते राहत नाही, गाळाबरोबर पिंपाच्या तळाला राहतं, पण घातलेलं असतं हे खरं. माझी आजी असती तर म्हणाली असती, एवढं भोत खाल्लंस तर आता सुरमई पण खा.

---

तळघरातला_गडी

सुरमईताई बरोबर. पिंपाच्या शेवटी चार-पाच पाइंट गाळ उरतो, तो ओततच नाहीत कोणाला. हल्ली बरेच ब्रुअर ते न घालता जरा धुरकट बिअर देतात, हापशाच्या क्लिपवर (बिअरच्या नावाच्या पाटीवर) ‘अनफाइन्ड’ किंवा ‘व्हीगन’ लिहिलेलं असतं ते बघा, नाहीतर सरळ विचारा, हा प्रश्न त्यांना नवीन नाही.

परत करायचं म्हणाल तर भांडायचं नसतंच. ग्लास अर्ध्याच्या वर भरलेला असतानाच न्यायचा, अर्धा पिऊन नाही, आणि हळू आवाजात म्हणायचं की ही जरा संपत आलीय का हो, एकदा बघता? व्हिनेगरसारखा आंबट वास, भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास, नाहीतर टोचणी अजिबात नाही, यातलं काही असेल तर चांगला पबवाला न बोलता बदलून देतो, कारण त्यालाही कळतं की पिंप उतरलं. फक्त ‘गरम आहे’ असं म्हणू नका. ते म्हटलंत की तुम्ही नवखे ठरलात. आणि पाइंट घ्यायच्या आधी घोटभर चाखायला मागता येते, फुकट, कोणी काही म्हणत नाही.

---

रीडिंगची_चकली

इथे सगळे उत्तरेचेच बोलतायत म्हणून मी दक्षिणेची बाजू मांडते.

काका, लँडलॉर्ड छान आहे पण तुमच्या यॉर्कशरमध्ये ती जी पांढरीशुभ्र दोन बोटं साय येते ना वर, ती बिअरची नाही, ती हापशाच्या तोंडाला लावलेल्या प्लॅस्टिकच्या नोझलची आहे. स्पार्कलर म्हणतात त्याला, बारीक भोकं असतात, त्यातून दाबून बिअर काढली की लस्सीसारखी घुसळली जाते. दिसायला गोड, पण जो थोडाफार गॅस होता तो सगळा फेसात जातो आणि खाली मऊ, गुळगुळीत काहीतरी उरतं. आमच्याकडे नोझल लावत नाहीत, फेस बोटभरही नसतो आणि कडूपणा जसा आहे तसा लागतो. हिंजवडीकर, ससेक्समधल्या लुईस गावची हार्वीज ससेक्स बेस्ट ही बिटर प्यायला एकदा खाली या, ४ टक्के, माल्ट जास्त, सफरचंदाच्या जवळपासचं काहीतरी वासात, आणि शेवट एकदम कोरडा. मी बाई माणूस पबात एकटी पाइंट घेऊन बसते म्हणून आधी सासूबाईंना प्रॉब्लेम होता, आता इथे आल्या की त्याच विचारतात, तुझी ती तपकिरी आहे का गं.

खाण्याचं कोणीच बोललं नाही. तिखट काही घेऊ नका हिच्याबरोबर, मसाला पापड आणि बिटर एकत्र म्हणजे तिखट आणखी तिखट आणि कडू आणखी कडू. इथले लोक चेडर आणि पाव खातात ते बरोबर जमतं. पण मला विचाराल तर भाजणीची चकली. भाजणीत सगळं भाजलेलं धान्य आणि माल्टही भाजलेलं धान्य, एकाच घरातल्या बहिणी त्या. दिवाळीनंतर डब्याच्या तळाला तुटलेल्या उरतात ना, त्या पर्समध्ये घालून नेते मी. पबवाल्याला एक दिली की तो काही म्हणत नाही.

---

कीथलीकाका

चकलीताई, भाजणीचं शंभर टक्के मान्य, माझ्या डोक्यात कसं आलं नाही. नोझलचं मुळीच मान्य नाही. लँडलॉर्ड स्पार्कलरमधून यावी अशीच बनवलेली असते, ती साय तोंडाला लागली की कडूपणाची धार जरा बोथट होते आणि मग मागून तो माल्ट येतो. ताक घुसळल्याशिवाय कोणी पितं का?

आणि हार्वीजचं एवढं कौतुक करताय म्हणून सांगतो. तिच्यातलं यीस्ट कुठून आलं माहितीय? १९५७ साली टॅडकास्टरच्या जॉन स्मिथ्स ब्रुअरीमधून. टॅडकास्टर यॉर्कशरमध्ये येतं. म्हणजे तुमची दक्षिणेची मुलगी आमच्या माहेरची आहे.

---

रीडिंगची_चकली

माहेरची असली तरी सासरी येऊन सुधारली 😄

---

उंटवाडीचा_उंट

नाशिकहून. बिटर कधी प्यायलो नाही पण अवांतर लिहितो. इंग्रजीत डोकं फिरलं याला डूलाली म्हणतात तो शब्द आमच्या देवळालीचा. मायदेशी जायच्या जहाजाची वाट बघत गोरे सोल्जर देवळालीच्या छावणीत महिनोन्महिने पडून असायचे, काम नाही, ऊन, कंटाळा, मग भ्रमिष्ट व्हायचे. ‘डूलाली टॅप’ असं पूर्ण होतं, त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. पुण्यात २००९ साली डूलाली नावाने क्राफ्ट बिअरचं दुकान निघालं तेव्हा पुणेकरांना वाटलं काहीतरी परदेशी नाव आहे.

प्रश्न असा की आमच्यासारख्यांनी काय करायचं, इथे मिळते का ही?

---

कीथलीकाका

उंटराव, कास्क काही तिथवर पोचायची नाही, पिंपात जिवंत असते आणि तळघर सोडवत नाही तिला. बाटलीतली एखादी इंग्लिश एल कुठे मिळाली तर एकच करा, फ्रीजमधून काढून वीस-पंचवीस मिनिटं बाहेर ठेवा आणि ग्लासात ओतून मगच प्या. पिंपातल्या मऊपणाची कल्पना बाटलीतून नीट येत नाही पण माल्ट आणि हॉप्स भेटतील.

---

पार्सल_द्या

वाट बघत छावणीत पडून असायचे, मग भ्रमिष्ट व्हायचे. बिटरवाल्यांचंही तसंच काहीतरी झालेलं दिसतंय.

---

हिंजवडी_ते_लीड्स

अपडेट द्यायला आलोय.

शनिवारी ट्रेन पकडून कीथलीला गेलो. काकांनी व्यनिमध्ये सांगितलं होतं त्याप्रमाणे बोल्टमेकर्स आर्म्सला, टेलरचाच पब, छोटासा, दारातून आत गेलो की लगेच कोणाच्यातरी कोपराला लागतो. दुपारचे अडीच, बारला चांगली गर्दी. गडीभाऊंचं ऐकून आधी हापसे मोजले, मग ज्यावर सगळ्यांचा हात जात होता तो बघितला आणि अर्ध्याच पाइंटची लँडलॉर्ड मागितली, २८४ मिली, म्हटलं आधी ओळख होऊ दे. भोताचं विचारणार होतो, विचारलं नाही. आईला सांगू नका.

आता जे झालं ते सांगतो. ग्लास गार होता. बर्फासारखा नाही, काका म्हणाले तसा, माठाला बाहेरून हात लावल्यासारखा. खिडकीशी धरला तर पलीकडच्या रस्त्यावरची लाल बस दिसत होती त्यातून, जरा वाकडी. वास घेतला, पहिल्यांदा काहीच नाही, मग दुसऱ्यांदा खारी. खरंच खारी, ती सुद्धा बेकरीतून पेपरात गुंडाळून आणलेली, जराशी गरम. संत्र्याची साल शोधत बसलो, ती काही सापडली नाही, त्याऐवजी मला वाळलेल्या लिंबाच्या फोडीसारखं काहीतरी आलं, मीठ लावून बरणीत ठेवतो त्यातलं. हे बरोबर आहे का माहीत नाही पण मला तेच आलं.

पहिला घोट मोठा घेतला, ओठाला साय लागली. गोडसर, मग काहीच नाही, मला वाटलं झालं परत तेच. आणि मग गिळल्यावर दोन सेकंदांनी घशाच्या वर कुठेतरी ते कडू आलं, मेथी, आणि तोंड कोरडं. मी ग्लास खाली ठेवला. फोन काढला, तुम्हाला लिहायला म्हणून, आणि दोन ओळी लिहिल्या असतील तेवढ्यात बघतो तर ग्लास परत हातात. कधी उचलला आठवत नाही. अर्धा पाइंट संपल्यावर ग्लासाच्या आत फेसाच्या रेघा राहिल्या होत्या, मी मोजल्या, सात. म्हणजे सात घोटांत संपवली. गुरुवारची ती अर्धी संपवायला मला पाऊण तास लागला होता.

मग चकलीताईंसाठी एक प्रयोग केला. दुसरा अर्धा मागताना विचारलं की नोझल काढून देता येईल का. बारवरच्या मुलीने माझ्याकडे, मग बाजूच्या आजोबांकडे बघितलं. आजोबा म्हणाले, ‘सदर्नर?’ (म्हणजे दक्षिणेकडचा का). मी म्हटलं नाही, पुणे. ते म्हणाले मग ठीक आहे आणि तिला मान हलवून सांगितलं दे त्याला. फेस जवळजवळ नाही, रंग जास्त गडद वाटला, कडूपणा आधी आला आणि माल्ट नंतर, उलटा क्रम झाला सगळा. टोचणी पण जास्त. बिअर तीच, पिंप तेच, दहा मिनिटांचं अंतर.

मला नोझल नसलेली जास्त आवडली. काका, सॉरी.

---

कीथलीकाका

माझ्या गावात येऊन, माझ्या पबात बसून, नोझल काढायला लावलंत. पुढच्या शनिवारी मी येतो बरोबर, एक बोल्टमेकर (टेलरचीच दुसरी बिटर) आणि एक लँडलॉर्ड शेजारी शेजारी ठेवून बघू, दोन्ही स्पार्कलरमधून. २०१४ ची चँपियन आहे बोल्टमेकर, ४ टक्के.

---

रीडिंगची_चकली

काका, पत्ता पाठवा, हिंजवडीकरांसाठी भाजणीच्या पाठवते. तुमच्यासाठी शेव.